वजीर तांडेलाचे दोन फोटो

"चाचा, आज हेकरू कुठं लागला?" असं मिरकरवाड्याच्या धक्क्यावर वजीर तांडेलाला कुणी विचारलं, की तो टोपलीवरचं गोणपाट नीट करत म्हणायचा, "दर्यात." फारच खोदून विचारलं तर "गळाला" एवढी जादा माहिती मिळायची. चाळीस वर्षांत यापलीकडे त्याच्या तोंडून अक्षर निघालेलं नव्हतं, आणि ज्यांच्या तोंडून निघत होतं त्यांना तो माणसांत धरत नव्हता.

वजीर पासष्टीचा. उंचीनं बेताचा, तळव्यांना दोरीनं पडलेले घट्टे, आणि खालचा ओठ जरासा पुढे आलेला. जन्मला तेव्हा हा ओठ सरळ होता, जगाकडे बघून बघून तो असा झाला, असं त्याची बायको शरीफा सांगायची. धक्क्यावर मोठमोठे ट्रॉलर उभे असत, एकेकावर दहा-बारा खलाशी. त्यांच्या कडेला वजीरची होडी म्हणजे लग्नातल्या पंगतीत कोपऱ्यात बसवलेला पाहुणा. लहान इंजिन, गळाच्या दोऱ्या आणि माणसं दोन. एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, वजीर आणि दुसरा सदू. सदू संगमेश्वराकडच्या डोंगरातला कुणबी, पन्नाशीचा. भातकापणी उरकली की खाली उतरायचा आणि पावसाळ्यापर्यंत होडीवर राहायचा. अशी अठरा वर्षं झाली होती. पण ट्रॉलरवाले जाळंभर बारीकसारीक मासळी ओतत असताना वजीरच्या टोपलीत पाच-सहा दांडगे हेकरू, एखादी लालभडक तांबोशी असायची. धक्क्यावरच्या बायका आधी त्याच्याकडे वळायच्या. याचं कारण एकच होतं, आणि ते पाण्याखाली होतं.

त्या कारणाचं नाव बावाचा खडक. किनाऱ्यापासून बऱ्यापैकी आत, बारा वाव खोल पाण्यात, दोन होड्या जेमतेम मावतील एवढा खडक. आजूबाजूला सगळा चिखल, आणि मध्येच हा. मोठा मासा तिथं घर करून राहायचा. वजीरच्या बावानं, म्हणजे बापानं, तो शोधला होता आणि मरायच्या आदल्या वर्षी वजीरला दाखवला होता. कागदावर लिहून नाही, तोंडानं आणि बोटानं. दीपगृहाच्या डाव्या अंगाला मागच्या सड्यावरचं सावरीचं मोठं झाड आलं पाहिजे, ही एक रेघ. आरे-वारेच्या मधल्या, समुद्रात घुसलेल्या नाकावर पाठीमागच्या डोंगराची खाच बसली पाहिजे, ही दुसरी. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात, तिथं नांगर टाकायचा. "आपल्या पोराशिवाय कुनाला दाखवायचा नाय," बावानं सांगितलं होतं, "नि दुसरी होडी दिसली तर नांगर उचलून दुसरीकडं जाऊन बसायचा, मासा लागत असला तरी." वजीरनं हे इमानानं पाळलं. हाताला लागलेले मासे सोडून तो कित्येकदा भलत्याच ठिकाणी तासन्तास रिकामा गळ घालून बसला होता, केवळ लांबून जाणाऱ्या एखाद्या टिनपाट होडीची दिशाभूल व्हावी म्हणून.

सावर पुढे एका वादळात पडली. दोन वर्षं वजीरचा जीव टांगणीला लागला होता. मग नेमका त्याच जागेवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, सावरीपेक्षा उंच, लाल-पांढरा. वजीरनं आयुष्यात मोबाइलवाल्यांचं एकच काम चांगलं म्हटलं, ते हे. बाकी त्या टॉवरमधून जे काही गावात उतरलं, त्याच्याबद्दल त्याचं मत फार वाईट होतं.

मत वाईट म्हणजे राग नव्हे. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. वजीरला कीव यायची, आणि कीव करता करता तो कडेला थुंकायचा.

बर्फाच्या कारखान्याच्या मालकानं आठ कॅमेरे बसवले. मालक राहायचा पुण्याला, तिथून फोनवर रखवालदाराला झोपलेला बघायचा आणि फोन करून उठवायचा. रखवालदार उठायचा, कॅमेऱ्याला सलाम करायचा आणि कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला जाऊन झोपायचा. त्याच सालात कारखान्यातून चाळीस क्रेट चोरीला गेले. चोर आठही कॅमेऱ्यांत व्यवस्थित दिसला. त्यानं तोंडाला रुमाल बांधला होता आणि जाताना एका कॅमेऱ्याकडे बघून हात केला होता. मालकानं यातून धडा घेतला आणि आणखी चार कॅमेरे बसवले. "आता चोराला हात करायला बारा जागा झाल्या," वजीर म्हणाला.

शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर. तीस वर्षं पोरांना दुसऱ्याला उत्तर सांगू नका म्हणून पट्ट्या मारल्या, आणि कुणीतरी गोड हिंदीत बोलला म्हणून फोनवर आलेले सहाच्या सहा आकडे त्याला खणखणीत आवाजात वाचून दाखवले, वर "पुन्हा सांगू का?" असंही विचारलं. खातं रिकामं झालं, गल्ली हळहळली. वजीर मुळीच हळहळला नाही. ज्याला आपली गोष्ट पोटात ठेवता येत नाही त्याला दारावर कुलूप तरी कशाला लागतं, असं तो शरीफाला म्हणाला आणि शांतपणे जेवला.

आणि सुजय. त्याच्या बापाचे दोन ट्रॉलर होते. पोरगा वाईट नव्हता, पण वजीरच्या हिशेबानं तो अर्धा माणूस होता, उरलेला अर्धा त्याच्या खिशात चार्ज होत असायचा. समुद्राचा तळ दाखवणारं यंत्र, रस्ता दाखवणारं यंत्र, बोट कुठं आहे ते घरबसल्या दाखवणारं ॲप. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. एकदा सुजय वजीरच्या होडीत नुसता गप्पा मारत बसला होता; लाटांनी होडी डुलत होती, आणि घड्याळानं त्याचं अभिनंदन केलं की आजची चाल पूर्ण झाली. वजीरनं ते घड्याळ हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. "बसून चालतोस तू?" एवढंच त्यानं विचारलं.

हाच सुजय त्या दिवशी जरा गंभीर होऊन म्हणाला, "चाचा, राग नका मानू. तुमच्या जागा एकदा जीपीएसमध्ये सेव्ह करून ठेवूया. तुमच्याच नावानं. हमझा मस्कतला. उद्या तुम्हाला काय झालं तर त्या जागा कुणाला ठाव असणार?"

वजीरचा ओठ आणखी पुढे आला. "तुजा यंत्र कुनाशी बोलतो?"

"म्हंजे?"

"तू त्याला सांगशील. ता आनी कुनाला सांगल, ता तुला कळनार हाय का?"

सुजयनं फोन खिशात घातला. वजीर विजयी मुद्रेनं विडी शोधायला लागला. पण सुजयनं बोट ठेवलं होतं ते नेमक्या दुखऱ्या जागी. हमझा, त्याचा एकुलता एक मुलगा, मस्कतला एका गोदामात नोकरीला होता. त्याला होडीत मळमळायचं. बावाचा खडक त्यानं कधी पाहिला नव्हता आणि कधी विचारलाही नव्हता. गुपित राखायला वजीर समर्थ होता. ते द्यायला घरात कुणी नव्हतं. ही गोष्ट तो शरीफाजवळसुद्धा बोलत नसे.

होडीवर त्याचा कायदा कडक होता. धक्का सोडायच्या आधी सदूनं आपला बटणांचा फोन बंद करून खारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, आणि डबा किनाऱ्यावर शरीफाच्या हवाली करायचा. कधी काही झालं तर असावा म्हणून सदूनं आपला नंबर डब्याच्या झाकणाच्या आतून खिळ्यानं कोरून ठेवला होता. होडीत दुपारची भाकरी खाताना वजीर त्याला शिकवण द्यायचा. "जो नंबर वळखीचा नाय तो उचलायचा नाय. वाजतोय तर वाजू दे. लयच वाजला तर कापायचा. कोन चोर असंल, कोन सांगावा." सदू मान हलवायचा. त्याला वर्षभरात चार फोन यायचे, चारही घरचे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मस्कतहून आलेल्या एका माणसाबरोबर हमझानं बापाला फोन धाडला. मोठा, चकचकीत, मागे तीन डोळे. वजीरनं तो चार दिवस कपाटात ठेवला. पाचव्या दिवशी हमझाचा शरीफाच्या फोनवर फोन आला तेव्हा बापानं अटी सांगितल्या. आपण कुठं आहोत ते या वस्तूनं कुणालाही सांगता कामा नये. नवीन नंबर घरच्यांशिवाय कुणाला मिळता कामा नये. हमझानं हसत हसत एकेक बटण सांगितलं, शरीफानं दाबलं, ठिकाण बंद झालं, हे बंद झालं, ते बंद झालं. एवढ्यानं वजीरचं समाधान झालं नाही. त्यानं इंजिनाच्या डब्यातली काळी चिकटपट्टी आणली आणि तिन्ही डोळ्यांवर मारली. मग मात्र तो फोन खिशात घालून धक्क्यावरून अशा तोऱ्यात चालला की जणू सगळ्या मिरकरवाड्यात डोकं असलेला माणूस हा एकटाच. त्याला तसं खरंच वाटत होतं.

जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी बावाच्या खडकावर सदूच्या हातातली दोरी एकदम खाली ओढली गेली. दोघांनी मिळून अर्धा तास ओढली. वर आला तो हेकरू एवढा होता की होडीत घेताना सदूला त्याच्या गळ्याखाली हात घालून, लहान पोराला उचलावं तसं उचलावं लागलं. वजीरनं बावाच्या काळातसुद्धा असा पाहिला नव्हता. तो बराच वेळ त्या माशाकडे बघत बसला.

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि नखानं चिकटपट्टी सोडवली.

त्याला कुणाला दाखवायचं नव्हतं. हमझाला दाखवायचं होतं. गोदामात खोकी मोजणाऱ्या पोरानं एकदा तरी बघावं की त्याच्या बापाच्या हातात काय असतं, आणि त्याला काहीतरी वाटावं. काय वाटावं हे वजीरनं स्वतःशीही उच्चारलं नाही. त्यानं सदूला फोन दिला आणि गोल बटण दाखवलं. उन्हं कलत होती, ती तोंडावर यावीत म्हणून वजीर किनाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला, मासा दोन्ही हातांत धरून. सदूनं बटण दाबलं. बघितलं तर शेपूट कापलेलं. तोवर होडी नांगरावर जराशी फिरली होती. वजीर पुन्हा उभा राहिला, किनाऱ्याकडेच पाठ, फक्त ऊन आता एका गालावर. हा फोटो झकास आला. मासा अख्खा, वजीर अख्खा, ओठ पहिल्यांदाच आत.

"ठिकान बंद हाय ना?" सदूनं काळजीनं विचारलं. अठरा वर्षांची शिकवण होती ती.

"मी काय सुजय हाय?" वजीर म्हणाला.

संध्याकाळी शरीफानं दोन्ही फोटो हमझाला पाठवले. हमझानं ते लगेच आपल्या स्टेटसला टाकले, खाली लिहिलं, माझे अब्बा. मस्कतपासून मिरकरवाड्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांनी पाहिले. बापाला त्यानं फोनही केला आणि चांगला दहा मिनिटं बोलला. पुढच्या हंगामात महिन्याची रजा काढतो म्हणाला. वजीर त्या दिवशी जेवताना दोनदा हसला, आणि शरीफा ते लक्षात ठेवावं तशी बघत राहिली.

शुक्रवारी होडी बंद. नमाजानंतर मशिदीबाहेर लोकांनी त्याला गराडा घातला. कुठं लागला हे कुणी विचारलं नाही, उत्तर सगळ्यांना पाठ होतं. याकूब होडेकर तेवढा काठी टेकत जवळ आला. हा एके काळचा मोठा तांडेल, वजीरच्या बावाच्या हाताखालून पुढे आलेला, आता अठ्ठ्याहत्तरचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्याचा दर्या सुटला होता. धक्क्यावर जाळ्यांच्या ढिगापाशी बसून असायचा आणि पोरं त्याला चहा आणून द्यायची. दोन महिन्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, ही गोष्ट वजीरच्या कानावर आली होती आणि दुसऱ्या कानानं गेलीही होती. त्याच्या लेखी याकूब संपलेला होता.

"झकास मासा," याकूब म्हणाला. "पानी उतरतीला होता ना?"

"असंल," वजीर म्हणाला आणि पुढे चालू लागला. म्हाताऱ्याला काहीतरी बोलायचं असतं, बोलू द्यावं.

पुढच्या आठवड्यात बावाच्या खडकावर वजीरचा गळ कशाला तरी अडकला. ओढून काढला तर दुसऱ्याची तुटलेली दोरी, नवी कोरी, गळासकट. वजीरनं ती हातात धरली आणि गळाची गाठ उलटून पाहिली. चिखलात कुणी असे गळ टाकत नाही. ज्यानं टाकले त्याला खाली खडक आहे हे ठाऊक होतं.

दोन दिवस तो विड्या ओढत राहिला. मनातल्या मनात एकेकाची झडती घेतली. बोटींवर माग काढायला बसवतात ते सरकारी यंत्र त्याच्या होडीवर नव्हतं. सुजयचं ते घड्याळ एकदा होडीत येऊन गेलं होतं, पण धक्क्यावर. आरे-वारेला येणारे मुंबईचे लोक हवेत ते भुणभुणणारं ड्रोन सोडतात, पण ते एवढ्या आत येत नाही. टॉवर? टॉवरवर त्याचा खरा संशय होता. एवढी वर्षं आपण त्याच्याकडे बघतोय, म्हणजे तोही आपल्याकडे बघत असणार. फोन त्यानं बंद करून तांदळाच्या डब्यात पुरला. शरीफानं भात शिजवायला डबा उघडला आणि पुन्हा झाकला.

तिसऱ्या दिवशी खडकावर नांगर टाकून दोघं बसले होते, आणि सदूच्या भाकरीच्या फडक्यातून फोन वाजला.

इतक्या वर्षांत त्या होडीत हा आवाज कधी झाला नव्हता. सदूनं धडपडत गाठ सोडली, नंबर पाहिला, घरचा होता, पण कानाला लावायच्या आत वजीरनं तो हातातून काढून घेतला.

"ह्यो काय?"

"तांडेल, माजी राजश्री बाळतपनाला आलेय. पयली येळ हाय. कदी निरोप येल ठाव नाय, म्हनून डब्यात नाय टाकला. आजच्या दिवस..."

"आजच्या दिवस? का रोजच आनतोस?" वजीरचा आवाज चढला नाही, तो आणखी खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "कोनाला इकलास माजा खडक? सुजयला? काय दिलान त्यानं तुला? असाच एक फोन?"

सदूनं फोनासाठी हात पुढे केला. फोन वजीरच्या हातात वाजून वाजून थांबला.

"तांडेल," सदू म्हणाला, "अठरा वर्सं मी ह्या होडीत बसतांव. खडक कुठं हाय ता मना आजून ठाव नाय. मी डोंगरातला मानूस. मना सगळा पानी सारकाच."

ही गोष्ट खरी होती आणि खरी आहे हे वजीरला कळलंही. पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची त्याला सवय नव्हती. धक्क्यावर होडी लागली तशी त्यानं फोन सदूच्या हातात दिला आणि म्हणाला, "उद्यापासनं येव नको." सदूनं आपली गोधडी गुंडाळली, शरीफाला "येतो, भाभी" म्हणून सांगितलं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं गेला. शरीफानं नवऱ्यापुढे ताट ठेवलं. "तुमी सगळ्या दुनियेला चोर म्हनता," ती म्हणाली, "नि घरात जेवलेल्या मानसाला पन तेच म्हनता. मंग उरलो कोन? मी?" वजीर खाली मान घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. दोन रेघा जुळवत निघाला: टॉवर दीपगृहाच्या डाव्या अंगाला सरकत आला, आरे-वारेच्या नाकावर खाच हळूहळू बसायला लागली, आणि ती बसण्याआधीच त्याला दिसलं की खडकावर होडी उभी आहे. बावाचा नियम होता दुसरी होडी दिसली की दुसरीकडे जाऊन बसायचं. त्या दिवशी तो नियम पाळण्यात काही अर्थ उरला नव्हता. तो सरळ तिच्यापाशी गेला.

होडी याकूबच्या मुलाची होती. मुलगा मागे दोऱ्या सोडत होता. पुढे, नाळेवर, डोक्याला पांढरी टोपी घालून म्हातारा याकूब स्वतः बसला होता. त्याच्यापाशी यंत्र नव्हतं, फोन नव्हता. काठी होती, आणि पायाशी दोन हेकरू. वजीरनं त्यांचा नांगर कुठं पडलाय ते दोरीवरून पाहिलं. वावभरही चुकलेला नव्हता.

"कुनी सांगितलान?" वजीरनं विचारलं.

"तूच," याकूब म्हणाला.

वजीरनं इंजिन बंद केलं.

"नातीनं फोटो दाखवलान. म्हनली, बग आजा, वजीरचाचाचा हेकरू केवडा. मी म्हटला, हेकरू ऱ्हाव दे, त्याच्या मागचा मोठा कर. ती दोन बोटांनी मोठा करते बग." याकूबनं बोटं फाकून दाखवली. त्याला त्याची फारच मौज वाटलेली दिसत होती. "एका फोटोत दीपगृह नि बाजूला टॉवर. दुसऱ्यात आरे-वारेचा नाक नि वर खाच. दोन रेघा. तुज्या बावानं मना शेजारी बसवून शिकवला, खूण कशी धरायची ता. पन हा खडक काय दाखवला नाय त्यानं. लय वर्सं शोदला मी. आनी तू फोटो काढून घरी धाडलास."

"फोनात ठिकान बंद होता," वजीर म्हणाला. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

"ता मना ठाव नाय. मना फोन चालवता येत नाय." म्हाताऱ्यानं आपले नवे डोळे किनाऱ्याकडे वळवले. "वजीर, तुला वाटला, जमिनीवरची खूण वाचनारे सगळे मेले. एक शिल्लक होता."

मुलानं मागून सांगितलं, चाचा, जागा हवी असेल तर आम्ही नांगर उचलतो. त्यात टोमणा नव्हता. याकूबही म्हणाला, "ये, बाजूला टाक. दोन होड्या मावतात." मग त्यानं विचारलं, "हमझाला दाखवला होतास काय?"

वजीरनं नकारार्थी मान हलवली.

"मंग कुनासाठी ठेवला होतास?"

वजीरनं नांगर टाकला नाही. इंजिन चालू करून तो परत फिरला. खरं तर त्याला याकूबचा राग यायला हवा होता, आणि पहिल्यांदाच तो आला नाही. त्याला डोळ्यांसमोर दिसत होता तो दुसरा, झकास फोटो. त्यात तो स्वतः छाती काढून उभा, आणि पाठीमागं अख्खा किनारा उघडा पडलेला. जगाची सगळी भोकं त्यानं बुजवली होती. कॅमेऱ्यावर पट्टी मारली, फोन डब्यात कोंडले, गरीब माणसाच्या हातातला वाजता फोन हिसकावून घेतला. आणि मागं वळून मात्र बघितलं नाही, कारण मागं बघून कुणाला काही कळेल एवढी अक्कल गावात कुणाला आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

घरी येऊन त्यानं शरीफाला सगळं सांगितलं. लग्नाच्या बत्तीस वर्षांत खडकाचं नाव त्यानं तिच्यापुढे पहिल्यांदा घेतलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सदूला सांगितलंत?"

बिस्किटांचा डबा खुंटीखाली तसाच पडला होता, रिकामा. वजीरनं झाकण उलटं करून उजेडात धरलं. खिळ्यानं कोरलेले आकडे गंजले होते, पण लागत होते. तांदळातून फोन काढून त्यानं पुसला, चालू केला आणि एकेक आकडा दाबला. ओट्यावर जाऊन बसला. फोन वाजत राहिला, पूर्ण वाजून थांबला. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजला. शरीफा दारात येऊन उभी राहिली.

"बिझी असंल," ती म्हणाली.

वजीरनं तिसऱ्यांदा लावला. या वेळी दोनदाच वाजला आणि पलीकडून कापला गेला. म्हणजे फोन सदूच्या हातातच होता. वजीरचा हा नवा नंबर घरच्यांशिवाय कुणाकडे नव्हता, आणि अनोळखी नंबर लयच वाजला तर काय करायचं, ते सदूला अठरा वर्षं शिकवलेलं होतं. त्यानं ते चोख लक्षात ठेवलं होतं.

राजश्रीला मुलगा झाला की मुलगी, ती नीट सुटली की नाही, हे विचारायचं होतं. तेवढं विचारून मग बाकीचं बोलायचं, असं वजीरनं ठरवलं होतं. तो फोन मांडीवर ठेवून बसून राहिला. उद्या सकाळची पहिली एस.टी. किती वाजता आहे, असं त्यानं शरीफाला विचारलं.